आइसलँडमधील भूऔष्णिक स्नान व ध्रुवीय प्रकाश सहल

भूऔष्णिक स्नान व ध्रुवीय प्रकाश सहल हा आइसलँडमधील हिवाळी पर्यटनाचा एक प्रचलित प्रकार आहे. यात एकाच दिवसात नैसर्गिक उष्णतेने तापलेल्या पाण्यातील स्नान आणि रात्रीच्या आकाशातील उत्तर ध्रुवीय प्रकाशाचे दर्शन या दोन गोष्टी एकत्र केल्या जातात. अशा सहली बहुधा राजधानी रेक्याविक येथून निघतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास तेथेच संपतात. त्यांचा हंगाम साधारणपणे सप्टेंबर ते एप्रिलचा पूर्वार्ध असा असतो.

सहलीचे हे दोन घटक स्वभावाने परस्परभिन्न आहेत. उष्ण पाणी जमिनीखालून वर्षभर मिळते. ध्रुवीय प्रकाश मात्र सूर्याची क्रियाशीलता, रात्रीचा अंधार आणि निरभ्र आकाश या तिन्ही गोष्टी जुळून आल्या तरच दिसतो. त्यामुळे सहलीचा पहिला भाग बहुतांशी खात्रीचा, तर दुसरा संभाव्यतेचा असतो. २०२३ पासून रेक्यानेस द्वीपकल्पावर झालेल्या ज्वालामुखी उद्रेकांमुळे पहिल्या भागाची खात्रीही पूर्वीइतकी निर्विवाद राहिलेली नाही.

भौगोलिक पार्श्वभूमी

आइसलँड हे उत्तर अटलांटिक महासागरातील बेट साधारणपणे ६३° ते ६६° उत्तर अक्षांशांदरम्यान वसलेले आहे. उत्तर अमेरिकी आणि युरेशियन या दोन भूपट्टांच्या सीमेवरील मध्य अटलांटिक पर्वतरांग येथे समुद्रसपाटीच्या वर आलेली आहे. हे भूपट्ट एकमेकांपासून वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर वेगाने दूर सरकत आहेत. याच भागाखाली प्रावरणातून तप्त द्रव्याचा एक ऊर्ध्वगामी स्तंभ असल्याचे मानले जाते. या दोन कारणांमुळे बेटावर ज्वालामुखी आणि उष्ण झरे विपुल आहेत.

ध्रुवीय प्रकाश ज्या कंकणाकृती पट्ट्यात सर्वाधिक वेळा दिसतो, त्या ध्रुवीय वलयाच्या खाली किंवा त्याच्या अगदी लगत आइसलँड येते. बेटाची उष्णता भूगर्भातून आणि हा प्रकाश सूर्यापासून येतो. दोहोंत कार्यकारणसंबंध नाही. ते एकाच ठिकाणी अनुभवता येतात हा केवळ भौगोलिक योग आहे.

अक्षांशाच्या मानाने आइसलँडचा किनारी हिवाळा सौम्य असतो. उत्तर अटलांटिक प्रवाहाची इर्मिंगर ही शाखा दक्षिण व पश्चिम किनाऱ्याजवळून वाहते. तिच्यामुळे रेक्याविकचे जानेवारीतील सरासरी तापमान ०° सेल्सियसच्या आसपास राहते. परंतु हाच उबदार समुद्र आणि उत्तर अटलांटिकमधील वारंवार येणारे न्यूनदाबाचे आवर्त हिवाळ्यात ढग, पाऊस, हिमवृष्टी आणि वादळी वारेही आणतात. आकाश अभ्राच्छादित असणे हे ध्रुवीय प्रकाश न दिसण्याचे येथील सर्वांत नेहमीचे कारण आहे.

उष्ण पाण्याचा उगम

पावसाचे व वितळलेल्या बर्फाचे पाणी भेगाळलेल्या बेसाल्ट खडकातून खोलवर झिरपते, तेथे तापते आणि हलके होऊन पुन्हा पृष्ठभागाकडे येते. आइसलँडमधील भूऔष्णिक क्षेत्रांचे दोन वर्ग केले जातात. ज्या क्षेत्रांत १ किलोमीटर खोलीवर तापमान २००° सेल्सियसपेक्षा अधिक असते ती उच्च-तापमान क्षेत्रे होत. ती क्रियाशील ज्वालामुखी पट्ट्यात आढळतात. जेथे याच खोलीवर तापमान १५०° सेल्सियसपेक्षा कमी असते ती निम्न-तापमान क्षेत्रे होत. निम्न-तापमान क्षेत्रांतील पाण्यात क्षार कमी असल्याने ते अनेकदा थेट वापरता येते. उच्च-तापमान क्षेत्रांतील पाणी खनिजयुक्त असते आणि त्याचा उपयोग मुख्यतः वीजनिर्मितीसाठी व उष्णता-विनिमयकांच्या साहाय्याने गोडे पाणी तापवण्यासाठी होतो.

रेक्याविकमध्ये उष्ण झऱ्यांचे पाणी नळाने इमारतींपर्यंत नेण्यास १९३० मध्ये सुरुवात झाली. शहरातील स्त्रिया ज्या झऱ्यांवर कपडे धूत असत, त्याच परिसरातील पाणी सुमारे ३ किलोमीटर लांबीच्या नळाने एका शाळेला व काही इमारतींना पुरवण्यात आले. १९७३ च्या तेलसंकटानंतर या व्यवस्थेचा देशभर वेगाने विस्तार झाला. आज आइसलँडमधील सुमारे ९० टक्के घरे भूऔष्णिक उष्णतेने उबदार ठेवली जातात.

स्नानपरंपरा

उष्ण झऱ्यांतील स्नान आइसलँडमध्ये मध्ययुगापासून रूढ आहे. तेराव्या शतकातील इतिहासकार, कवी व राजकारणी स्नोरी स्टर्लुसन याच्या रेकहोल्ट येथील निवासस्थानाजवळचे दगडी स्नानकुंड आजही जतन केलेले आहे. लॉइगारवत्न येथील एका उष्ण झऱ्याविषयी अशी परंपरा सांगितली जाते, की इ.स. १००० मध्ये आइसलँडच्या संसदेने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर काहींनी थिंगवेलिरच्या थंड पाण्यात बाप्तिस्मा घेण्यास नकार दिला आणि तो विधी या झऱ्यावर पार पडला.

आधुनिक काळात जवळजवळ प्रत्येक गावात उष्ण पाण्याचा सार्वजनिक तरणतलाव असून पोहणे हा शालेय शिक्षणाचा अनिवार्य भाग आहे. तलावाच्या कडेची छोटी उष्ण कुंडे ही गप्पांची आणि गाठीभेटींची जागा असते. पर्यटकांसाठी उभारलेली महागडी स्नानस्थळे हे याच परंपरेचे व्यापारी रूप होय. सार्वजनिक तलावांचे शुल्क त्यांच्या तुलनेत बरेच कमी असते.

सहलींमध्ये समाविष्ट होणारी स्नानस्थळे

ब्लू लगून: रेक्यानेस द्वीपकल्पावर, ग्रिंडाविक गावाजवळ असलेले हे स्नानस्थळ केफ्लाविक विमानतळापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. ते नैसर्गिक सरोवर असल्याचा समज व्यापक असला, तरी त्याची निर्मिती स्वार्ट्सेंगी भूऔष्णिक केंद्रातून १९७० च्या दशकापासून सोडलेल्या पाण्यामुळे झाली. हे पाणी लाव्हाच्या सच्छिद्र खडकात जिरून जाईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पाण्यातील सिलिका साचून छिद्रे बुजली आणि तळे तयार झाले. १९८० च्या दशकाच्या आरंभी सोरायसिस या त्वचाविकाराच्या रुग्णांनी येथे स्नान करण्यास सुरुवात केली. १९८७ मध्ये सार्वजनिक स्नानाची सोय झाली आणि १९९९ मध्ये सध्याच्या जागी नव्या सुविधा उभारण्यात आल्या. पाण्यात समुद्राच्या पाण्याचा अंश मोठा असून तापमान ३७° ते ४०° सेल्सियस ठेवले जाते. दुधाळ निळा रंग हा पाण्यातील सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांवर होणाऱ्या प्रकाशाच्या प्रकीर्णनाचा परिणाम आहे.

सीक्रेट लगून: फ्लुदिर गावातील हा तलाव १८९१ मध्ये बांधण्यात आला व तो देशातील सर्वांत जुना तरणतलाव समजला जातो. पाणी ३८° ते ४०° सेल्सियस असते. रेक्याविकपासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर, मोठ्या शहरी दिव्यांपासून दूर असल्याने तो रात्रीच्या सहलींसाठी सोयीचा ठरतो.

लॉइगारवत्न फोंटाना: लॉइगारवत्न सरोवराच्या काठावरील हे स्नानगृह २०११ मध्ये सुरू झाले. येथे झऱ्याच्या वाफेवर चालणाऱ्या बाष्पस्नानाच्या खोल्या आहेत.

स्काय लगून: रेक्याविकला लागून असलेल्या कोपावोगुर येथे समुद्रकिनारी २०२१ मध्ये हे स्थळ सुरू झाले. ते राजधानीला सर्वांत जवळचे असले, तरी शहराचा उजेड तेथवर पोहोचतो.

उत्तर आइसलँडमध्ये म्यिवात्न सरोवराजवळ २००४ पासून असेच एक स्नानस्थळ असून तेथील सहली प्रामुख्याने आकुरेरी शहरातून निघतात.

ध्रुवीय प्रकाश

सूर्यापासून सतत बाहेर पडणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहाला सौर वारा म्हणतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र या प्रवाहाला बहुतांशी अडवते. तथापि दोहोंच्या परस्परक्रियेतून चुंबकावरणात ऊर्जा साठते आणि प्रवेगित इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषांच्या मार्गाने ध्रुवीय प्रदेशांच्या वातावरणात शिरतात. तेथील अणुरेणूंशी त्यांची टक्कर होऊन प्रकाश उत्सर्जित होतो. सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजनमुळे नेहमीचा हिरवा रंग दिसतो. २०० किलोमीटरहून अधिक उंचीवरील ऑक्सिजन गडद तांबडा, तर नायट्रोजन निळा, जांभळा व गुलाबी रंग देतो. नॉर्वेचे शास्त्रज्ञ क्रिस्तियान बिर्केलँड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी निर्वात पात्रातील चुंबकीय गोलावर प्रयोग करून या घटनेचे विद्युतचुंबकीय स्वरूप दाखवून दिले.

अनुकूल काळ

ध्रुवीय प्रकाश वर्षभर निर्माण होत असतो, पण आइसलँडमध्ये मे ते जुलैच्या काळात रात्री पुरेसा अंधारच पडत नाही. याउलट २१ डिसेंबरच्या सुमारास रेक्याविकमध्ये सूर्य सकाळी ११:२० च्या आसपास उगवून दुपारी ३:३० च्या सुमारास मावळतो. तरीही सर्वांत लांब रात्र म्हणजे सर्वाधिक अनुकूल रात्र असे नव्हे. सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्च या विषुवदिनांच्या जवळच्या काळात पृथ्वी व सौर वारा यांच्या चुंबकीय क्षेत्रांची सापेक्ष दिशा अधिक अनुकूल असल्याने भूचुंबकीय हालचाली सरासरीने वाढतात. रात्री साधारण ९ ते २ ही वेळ निरीक्षणासाठी योग्य मानली जाते.

सूर्याच्या क्रियाशीलतेचे चक्र सुमारे ११ वर्षांचे असते. सध्याचे पंचविसावे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि ते कमाल टप्प्यात पोहोचल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर करण्यात आले. आइसलँड ध्रुवीय वलयाजवळ असल्यामुळे चक्राच्या मंद काळातही तेथे हा प्रकाश दिसतो. प्रबळ वादळे आणि कमी अक्षांशांवरील दर्शन यांचे प्रमाण मात्र कमाल काळाच्या आगेमागे वाढते. १० व ११ मे २०२४ च्या तीव्र भूचुंबकीय वादळात लडाखमधील हानले येथील कॅमेऱ्यांनीही क्षितिजालगतचा तांबडा प्रकाश टिपला होता.

पूर्वानुमान

भूचुंबकीय हालचालींची जागतिक पातळी के-पी निर्देशांकाने ० ते ९ या श्रेणीत दर्शवली जाते. निरभ्र रात्री आइसलँडमध्ये २ किंवा ३ एवढा निर्देशांकही पुरेसा ठरू शकतो. ढगाळ रात्री ७ असूनही काही दिसत नाही. म्हणून आइसलँडच्या हवामान विभागाच्या अंदाजात निर्देशांकासोबत मेघाच्छादनाचा नकाशाही दिला जातो आणि सहलीची दिशा ठरवताना मार्गदर्शक याच नकाशाला अधिक महत्त्व देतात.

सौर वाऱ्याचे थेट मापन पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील एल-१ या बिंदूजवळच्या यानांकडून होते. तेथून पृथ्वीपर्यंत यायला सौर वाऱ्याला साधारण तासभर किंवा त्याहून कमी वेळ लागत असल्याने, नेमकी सूचना यापेक्षा फार आधी देता येत नाही. भारताचे आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी याच बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचले. त्यावरील सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली आहे. भूचुंबकीय वादळांच्या अभ्यासात महाराष्ट्राचा वाटा याहून बराच जुना आहे: सप्टेंबर १८५९ मधील कॅरिंग्टन वादळाची मोलाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली होती. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्यांमुळे मापनात व्यत्यय येऊ नये म्हणून हे काम अलिबागला हलवण्यात आले.

सहलीचे स्वरूप

सर्वाधिक प्रचलित मार्ग ‘सुवर्ण वर्तुळ’ या नावाने ओळखला जातो. सकाळी रेक्याविकहून निघून प्रथम थिंगवेलिर राष्ट्रीय उद्यान पाहिले जाते. इ.स. ९३० मध्ये आइसलँडची संसद येथे स्थापन झाली. २००४ मध्ये या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यानंतर हौकादालुर खोऱ्यातील उष्णोत्स, म्हणजे उसळणारे उष्ण झरे, येतात. गेसिर या झऱ्याच्या नावावरूनच अशा झऱ्यांना ‘गीझर’ हा शब्द जगभर रूढ झाला. तो स्वतः आता क्वचितच उसळतो, मात्र शेजारचा स्ट्रोकुर दर काही मिनिटांनी उसळतो. तेथून सुमारे १० किलोमीटरवर गुलफॉस हा दोन टप्प्यांत एकूण ३२ मीटर कोसळणारा धबधबा आहे.

डिसेंबर-जानेवारीत दिवसाचा उजेड जेमतेम चार-पाच तासांचा असल्याने ही तिन्ही स्थळे सकाळी उशिरा ते दुपारी या वेळेत पाहिली जातात. अंधार पडल्यावर सीक्रेट लगून किंवा फोंटाना येथे दीड-दोन तासांचे स्नान, त्यानंतर जेवण आणि शेवटी दिव्यांपासून दूर जाऊन आकाशनिरीक्षण असा क्रम असतो. स्नान आधी ठेवण्यामागे व्यावहारिक कारण आहे: ढगांची स्थिती पाहून रात्रीच्या थांब्याची जागा ऐनवेळी बदलता येते, तर स्नानस्थळाची वेळ आधीच राखून ठेवलेली असते.

जाहिरातींतील छायाचित्रांत पर्यटक पाण्यात बसून ध्रुवीय प्रकाश पाहताना दिसतात. तसे घडणे शक्य आहे, परंतु पाण्यावरील वाफ, परिसरातील दिवे आणि स्नानस्थळे बंद होण्याची वेळ यांमुळे तो योग दुर्मीळ असतो. उजेडाचा अडथळा किती महत्त्वाचा आहे हे २८ सप्टेंबर २०१६ रोजी दिसून आले. त्या रात्री नागरिकांना प्रकाश पाहता यावा म्हणून रेक्याविक नगरपालिकेने शहराच्या अनेक भागांतील रस्त्यांवरचे दिवे काही काळ बंद ठेवले होते.

प्रत्यक्ष दर्शन आणि अपेक्षा

अंधुक प्रकाशात मानवी डोळ्याची रंग ओळखण्याची क्षमता कमी होते. त्यामुळे दुर्बळ ध्रुवीय प्रकाश डोळ्यांना राखाडी किंवा पांढुरक्या ढगासारखा भासतो, तर कॅमेऱ्यात काही सेकंदांच्या उद्भासनानंतर तोच स्पष्ट हिरवा उमटतो. प्रबळ प्रकाश मात्र नुसत्या डोळ्यांनाही रंगीत आणि हलता दिसतो. डोळे अंधाराला सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात आणि या काळात मोबाइलचा उजळ पडदा पाहिल्यास हा सराव मोडतो.

प्रकाश न दिसल्यास पुढील एखाद्या रात्री विनामूल्य फेरी देण्याची पद्धत अनेक आयोजक पाळतात. ही सवलत बहुधा केवळ आकाशनिरीक्षणाच्या भागाला लागू असते आणि तिचा लाभ घेण्यासाठी पर्यटकाचा मुक्काम शिल्लक असावा लागतो. त्यामुळे एकाच रात्रीवर भिस्त न ठेवता तीन-चार रात्रींचा मुक्काम ठेवणे आणि निरीक्षणाची सहल आरंभीच्या रात्री घेणे अधिक लाभदायक ठरते.

सुरक्षितता

उष्ण पाणी: नैसर्गिक झऱ्यांचे पाणी अनेक ठिकाणी ८०° ते १००° सेल्सियस असते. त्यात हात घालणे किंवा कुंपण ओलांडणे यामुळे गंभीर भाजण्याचे प्रकार घडतात. स्नान केवळ त्यासाठी राखलेल्या जागीच करावयाचे असते. तलावात उतरण्यापूर्वी पोहण्याचा पोशाख न घालता साबणाने पूर्ण अंग धुणे बंधनकारक आहे, कारण तेथील तलावांत जंतुनाशकांचा वापर अत्यल्प असतो किंवा मुळीच नसतो. उष्ण पाण्यात दीर्घकाळ राहिल्याने रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते; मद्यपानाने हा धोका वाढतो. हृदयविकार असलेल्या व्यक्तींनी व गर्भवतींनी वैद्यकीय सल्ला घेणे उचित असते. ओले केस व ओलसर कपडे घेऊन थेट वाऱ्यात उभे राहिल्यास शरीर झपाट्याने थंड पडते, म्हणून स्नान व निरीक्षण यांमध्ये अंग पूर्ण कोरडे करण्यास वेळ ठेवावा लागतो.

रस्ते: स्वतः वाहन चालवणाऱ्यांना मुख्य धोका बर्फाळ रस्ते आणि जोराच्या वाऱ्याचा असतो. हवामान विभाग पिवळ्या, नारिंगी व लाल अशा चढत्या क्रमाने इशारे देतो. आकाशाकडे पाहत गाडी चालवणे किंवा अंधाऱ्या महामार्गावर मध्येच थांबणे हे अपघातांना निमंत्रण ठरते. रस्ता सोडून माळावर गाडी नेणे कायद्याने निषिद्ध आहे. आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक ११२ आहे.

ज्वालामुखी उद्रेकांचा परिणाम

रेक्यानेस द्वीपकल्पावर सुमारे आठ शतकांच्या शांततेनंतर १९ मार्च २०२१ रोजी फाग्रादाल्सफ्याल येथे उद्रेक झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वार्ट्सेंगी परिसरातील भूकंपमालिका तीव्र झाली. ब्लू लगून बंद करण्यात आले आणि १० नोव्हेंबरच्या रात्री सुमारे ३,८०० लोकवस्तीचे ग्रिंडाविक गाव रिकामे करण्यात आले. १८ डिसेंबर २०२३ रोजी सुंडनुकुर विवररांगेत पहिला उद्रेक झाला व त्यानंतर उद्रेकांची मालिका सुरू राहिली. १४ जानेवारी २०२४ च्या उद्रेकात लाव्हा ग्रिंडाविकमधील काही घरांपर्यंत पोहोचला. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी लाव्हाने स्वार्ट्सेंगीहून जाणारी उष्ण पाण्याची मुख्य नळवाहिनी तोडली. त्यामुळे ऐन थंडीत २० हजारांहून अधिक लोकांचा उष्ण पाण्याचा पुरवठा खंडित झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्लू लगूनचे वाहनतळ लाव्हाखाली गाडले गेले.

वीजकेंद्र व स्नानस्थळाभोवती मातीचे व खडकांचे उंच बांध घालण्यात आले असून, या काळात ब्लू लगून अनेकदा बंद व पुन्हा सुरू झाले आहे. पाहुण्यांना कमी वेळात बाहेर काढण्याची व्यवस्था तेथे ठेवलेली असते. सहल आखताना त्या दिवसाची स्थिती तपासणे आणि पर्यायी स्नानस्थळ लक्षात ठेवणे यामुळे आवश्यक झाले आहे. ग्रिंडाविकच्या रहिवाशांपैकी बहुतेकांना कायमचे स्थलांतर करावे लागले. पर्यटकांच्या दृष्टीने रद्द झालेली सहल ही गैरसोय असते. त्याच भूगर्भीय उष्णतेवर घर, वीज आणि उपजीविका अवलंबून असलेल्या स्थानिकांसाठी मात्र तो वास्तव्याचा प्रश्न आहे.

हे सुद्धा पहा

आइसलँड
रेक्याविक
ध्रुवीय प्रकाश
भूऔष्णिक ऊर्जा
उष्ण झरे
सौर वारा